कुणीच काही टाकलं नव्हतं

तुकोबांची पालखी इंदापुरात मुक्कामाला यायची होती. दर वारीला आप्पांच्या वाड्यात एक दिंडी उतरायची. मांडव पडला, पिठल्याचं बेसन दळून आलं आणि नेमका आदल्या दिवशी संडास तुंबला.

आप्पांनी सुनेला विचारलं, नातवाला दटावलं, मागच्या खोलीतल्या भाडेकरूवर संशय घेतला. उत्तर एकच : "मी काहीच टाकलं नाही." स्वतःला विचारायची गरज आप्पांना वाटली नाही. "टाकीच भरलीय," असा निकाल देऊन त्यांनी ॲसिडच्या दोन बाटल्या भांड्यात ओतल्या. पाणी तसूभर हललं नाही.

दुपारी चोकअप काढणारा पोरगा आला. त्यानं आधी विचारलं, "आप्पा, ॲसिड टाकलंय का?"

"दोन बाटल्या."

"विचारलं ते बरं झालं. पंप मारला असता तर सगळं माझ्या तोंडावर उडालं असतं. चिंध्या, प्लास्टिक असलं तर ॲसिडनं काही विरघळत नाही."

"ते राहू दे. टाकीत उतर आणि साफ करून टाक. उद्या शंभर माणूस येतंय. दोन हजार वर देतो."

पोरगा जागचा हलला नाही. "आप्पा, शेजारी बारामती तालुक्यात खांडजला मार्च २०२३ मध्ये काय झालं, ठाऊक आहे ना? गोबरगॅसच्या टाकीपाशी एक जण गुदमरला, त्याला वाचवायला बाकीचे गेले. चौघं दगावले. सडक्या अंड्यासारखा वास येतोय तोवर नाक सावध करतं. गॅस वाढला की वासच कळेनासा होतो. टाकी भरली असेल तर उपसा करणारी गाडी बोलवा. आत पाइप जाईल, माणूस नाही. साधनांशिवाय माणूस उतरवला तर २०१३ च्या कायद्यानं उतरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते."

आप्पा गप्प झाले. पोरानं संडासामागच्या चेंबरचं झाकण उचललं. आत कोरडं ठणठणीत.

"बघा, टाकी भरली असती तर हे चेंबर तुडुंब असतं. इथवर पाणी पोचतच नाही. अडकलंय ते भांडं आणि चेंबरच्या मधे, तुमच्या घरातच."

त्यानं डोळ्यांना चष्मा लावला, हातमोजे चढवले आणि एका बाजूला उभं राहून चेंबरमधून स्प्रिंग आत सरकवली. बऱ्याच खटपटीनं एक बोळा निघाला. पॅड, बाळाचं अंग पुसायचे वाइप्स, नातवाचा प्लास्टिकचा बैल. पाणी घळाघळा वाहिलं. बोळा पिशवीत भरताना पोरानं एकदम हात मागे घेतला. मोजा फाटला होता, तळव्यातून रक्त येत होतं. बोळ्यात दाढीचं पातं होतं.

त्या घरात पात्यानं दाढी करणारे एकटे आप्पाच होते.

पोरगा काही बोलला नाही. नळाखाली हात धरून उभा राहिला. आप्पांनी स्वतः साबण आणून दिला, मग त्याला गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, जखम बांधून घेतली, धनुर्वाताचं इंजेक्शन देववलं. परत येताना बाजारातून झाकणाचा डबा आणून संडासात ठेवला. जुन्या पात्यांसाठी पत्र्याची वेगळी डबी केली.

दुसऱ्या दिवशी दिंडी आली. आप्पांनी हात जोडून सांगितलं, "माउली, कचरा डब्यात टाका, भांड्यात नको. काल तुंबलं होतं."

विणेकऱ्यांनी सहज विचारलं, "कुणी टाकलं होतं?"

सून, नातू, भाडेकरू, सगळे आप्पांकडे बघू लागले.

"मीही टाकलं होतं," आप्पा म्हणाले.

मग सूनही पुढं झाली, नातूही.

तात्पर्य : आपण डोळ्यांआड केलेली घाण नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी हाताला लागते. म्हणून दोष बाहेर शोधण्याआधी घरात शोधावा, आणि आपल्या चुकीसाठी दुसऱ्याचा जीव कधीच पणाला लावू नये.