लिलावाबाहेरचा आकडा

वीज पारेषणात हयात घालवून निवृत्त झालेले एक स्नेही परवा म्हणाले, "अहो, ज्याचा दर सर्वांत कमी, काम त्याचं. एलवन ठरला की विषय संपला. आणखी कसला न्याय हवाय तुम्हाला?"

बंद दाराआडच्या वाटपापेक्षा उघडी निविदा बरी, हे मलाही मान्य. म्हणून आरे-कुडूस वाहिनीच्या वादात मी मनातून टाटांकडे होतो. मुंबईत 1,000 मेगावॉट वीज आणणारा हा प्रकल्प राज्य वीज नियामक आयोगाने 2021 मध्ये स्पर्धेविना अदानींच्या कंपनीला दिला. निविदाच हवी होती, असं म्हणत टाटा पॉवर सर्वोच्च न्यायालयात गेली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये हरली. वीज कायद्याच्या कलम 62 खाली आयोग खर्च तपासून दर ठरवतो, कलम 63 खाली निविदेतून आलेला दर स्वीकारतो. यांत 63 वरचढ नाही, असं न्यायालय म्हणालं.

निकाल पटो न पटो, तिथे भांडणारे दोघेही तालेवार होते. बोली लावणाऱ्यांमधला न्याय वेगळा आणि बोली न लावता झळ सोसणाऱ्यांचा न्याय वेगळा. पहिला हळूहळू सुधारतो, कारण हरलेल्या कंपनीला वकील परवडतो. आंतरराज्य जाळ्याचं नियोजन करणारी सरकारी कंपनी पॉवरग्रिडच बोलीतही उतरते, ही तक्रार वर्षानुवर्षं होती; 2021 मध्ये नियोजनाचं काम वेगळ्या उपकंपनीकडे गेलं. दुसऱ्या न्यायाची एवढी तातडी कोणाला?

टॉवर उभा राहतो तो शेतात. 400 केव्हीच्या लाइनखाली 46 मीटर रुंदीचा पट्टा अडकतो. तिथे घर बांधता येत नाही, आंबा वाढू देता येत नाही. सातबारा मात्र शेतकऱ्याच्याच नावावर. भूसंपादन नाहीच, कारण टॉवर उभारण्याचा अधिकार येतो 1885 च्या तार कायद्यातून. तारसेवा 2013 मध्ये बंद पडली, 2023 मध्ये नवा दूरसंचार कायदा आला. पण त्यातही वीजवाहिन्यांपुरती ती जुनी तरतूद जिवंत ठेवली. पोस्टमन तार घेऊन येईनासा झाला, तारेचा कायदा मात्र बांधावर उभाच आहे.

आता बोलीचं गणित पाहा. कंपनी 35 वर्षांच्या वार्षिक पारेषण आकाराची बोली लावते. पोलाद, कंडक्टर, व्याज यांत स्पर्धकांमध्ये फार फरक पडत नाही. मार्गाची पाहणी आणि वाटेतल्या अडचणींची जोखीम मात्र कंपनीची. मग कात्री लावायला सोपी जागा उरते ती मोबदल्याची. ताटाचा दर पाडून लग्नाचं काम घेणारा केटरर आमटीत पाणी घालणारच.

स्नेह्यांकडे उत्तर तयार होतं : "केंद्राने 2024 मध्ये मोबदला वाढवलाय की!" वाढवलाय खरा. टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला तिच्या किमतीच्या 200 टक्के, पट्ट्याला 30 टक्के. 2015 च्या सूचनांत हेच 85 आणि 15 होतं. पण या मार्गदर्शक सूचना. स्वीकारायच्या की नाही, हे राज्यांवर. शिवाय रक्कम बोलीतच धरलेली असेल, तर बांधावर घासाघीस करून वाचलेला प्रत्येक रुपया कंपनीच्या खिशात जातो.

म्हणून मोबदला बोलीबाहेर काढावा. जिल्हाधिकाऱ्याने ठरवावा, प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे द्यावा आणि आपण वीजग्राहकांनी बिलातून भरावा. स्नेही लगेच म्हणाले, "मग कंपनी कशाला काळजी करेल? लाइन कुठूनही नेईल." हा आक्षेप खोडता येत नाही. मार्ग आणि खर्च तपासायला पुन्हा आयोगच लागणार. म्हणजे स्पर्धेचा कैवार घेऊन निघालेला मी अर्ध्या वाटेवर कलम 62 च्या दारात उभा राहिलो. त्याचं मला वैषम्य नाही. पोलादावर, तारेवर, व्याजावर कंपन्यांनी खुशाल एकमेकींचे दर पाडावेत. जो माणूस बोलीला बसलेलाच नाही, त्याच्या जमिनीची किंमत पाडून जिंकण्याची मुभा कोणत्याच निविदेत नको.