पैनगंगेच्या अलीकडे

दत्ता, आज आपण शेजारी आहोत. तू पलीकडे माहूरच्या शिखरावर; मी अलीकडे, धनोड्याच्या काठाला, ताडपत्रीखाली. सकाळची आंघोळ काशीला, दुपारची भिक्षा कोल्हापूरला आणि रात्रीची झोप माहूरला, असा तुझा नेम आजी सांगायची. एवढं फिरून तू पाठ टेकायला आमच्याच बाजूला येतोस, याचं मला लहानपणी फार अप्रूप वाटायचं. आजही वाटतं.

मधे फक्त हे पाणी आहे.

काळं पाणी. तळाशी काळा खडक, वर काठच्या झाडांची पडून कुजलेली पानं. त्यांचा तुरट रस उतरत जातो आणि थांबलेलं पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ओंजळीत घेतलं तर तांबूस, डोहात पाहिलं तर काजळ. दक्षिण अमेरिकेत अशा पाण्याची एक अख्खी मोठी नदी आहे, रिओ नेग्रो. तिचं नावच काळी नदी. तुझ्या पसाऱ्याला अंत नाही, देवा. मला हा एवढासा डोह पुरे. उद्या तुझी जयंती. चंद्र भरत आलाय, आणि डोहात पडलेला त्याचा तुकडा हलतसुद्धा नाही.

या रात्रीबद्दल तुझे उपकार. तीन दगडांच्या चुलीबद्दल, ज्वारीच्या भाकरीबद्दल, ठेच्याबद्दल. मार्गशीर्षातल्या या थंडीबद्दल, जी अंगावर येत नाही, नुसती गोधडी मागते. आमचा मे महिना तुला माहीत आहे. तेव्हा इथे कोण झोपेल? उपकार तुझे, दत्ता. पुन्हा पुन्हा तुझे.

आता माझं ऐक.

बाबा झोपत नाहीत. आधी ती जागल होती. तुरीत रोही शिरतात, रानडुकरं शिरतात, म्हणून मळ्यावर रात्र काढायची. पुढे घरी, पलंगावरही त्यांची जागलच सुरू राहिली. कापसाचा भाव, सोसायटीचं कर्ज, सोयाबीनवर आलेला पाऊस, सगळं छातीवर घेऊन ते छताकडे बघत राहतात. मग रात्री दोनला मला पुण्यात फोन करतात. बोलायचं काहीच नसतं. ‘जेवलीस का?’ एवढंच. आणि मी, देवा, कितीदा तो फोन वाजू दिला. सकाळी ऑफिस आहे, असं स्वतःला सांगितलं. उशीखाली दाबला. एकदा चिडून मी म्हणाले, विकून टाका ना ते वावर. ते काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं मी इथवर घेऊन आलेय. ते तुझ्या पायरीवर ठेवू दे.

मला क्षमा कर. मला फोन उचलायला शिकव.

आमच्या तालुक्याचं नाव कशाने लोकांपर्यंत गेलं, ते तुला मी काय सांगू. चिलगव्हाण इथलंच. १९ मार्च १९८६ ला तिथले शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. त्या दिवसाच्या आठवणीत आता दर १९ मार्चला कितीतरी माणसं अन्नाचा त्याग करतात. माझ्या मनात मात्र त्याच्या आधीच्या रात्रीच येतात. त्या घरात दिवा किती वाजता मालवला जात असेल? मालवल्यावर डोळा लागत असेल का? तू तेव्हाही रोज रात्री पलीकडे येतच होतास, दत्ता. मी जाब विचारत नाही. माझी ती लायकी नाही. नुसतं आठवलं, म्हणून बोलले.

इथल्या पाण्याचा जीव कधी कधी आवरत नाही. २०२३ च्या जुलैत तालुक्यातल्याच आनंदनगर तांड्याला पुराने वेढलं, तेव्हा हेलिकॉप्टर मागवावं लागलं. आज मात्र हे पाणी टेकलेल्या गाईसारखं आहे. मागच्या वर्षी यात्रेत आम्हीच इथे पत्रावळ्या आणि पाण्याच्या बाटल्या टाकून गेलो होतो, तेही मान्य करते. उद्या निघण्याआधी काठ झाडून निघेन.

मला जास्त काही नको. भाव दे म्हणणार नाही, तो देणारे वेगळेच बसलेत. पाऊस वेळेवर दे. आणि झोप दे. माझ्या बाबांना दे, चिलगव्हाणला दे, तांड्यावर दे. मळ्यावरच्या मचाणावर जो कोणी आत्ता डबडं वाजवत असेल, त्यालाही तासभर दे. तुझ्याजवळची झोप वाटून दे. तू देव आहेस, तुझं थोडक्यात भागेल.

माहूरच्या रेणुकाआई, तू तरी त्याला सांग.

शेकोटीत आता दोनच निखारे उरलेत. मघाशी टिटवी ओरडली आणि मी दचकले. सवयीने पाहिलं, तर बाबांचं डोकं माझ्या पिशवीवर, तोंड जरासं उघडं, आणि घोरणं. खरंखुरं घोरणं, दत्ता! किती महिन्यांनी.

पहाटे तू काशीला आंघोळीला निघशील. या डोहावरून जाणार असशील तर खडावा हातात घे. त्यांचा आत्ताच डोळा लागलाय.