वाटेवरचा पाहुणा

भूमध्य समुद्रात, सिसिलीच्या दक्षिणेस, माल्टा हे चिमुकले बेट आहे. एप्रिलच्या पहाटे तेथील किनाऱ्यावर दोन प्रकारची माणसे आकाशाकडे डोळे लावून बसतात. काहींच्या हाती दुर्बीण असते, काहींच्या हाती बंदूक. वाट मात्र ती एकाच पाखरांची पाहतात. आफ्रिकेत हिवाळा काढून, सहारा वाळवंट आणि समुद्र ओलांडून युरोपातील घरट्यांकडे निघालेले होले व लावे थकून या खडकाळ भूमीवर घटकाभर उतरतात.

हे बेट आपणां ख्रिस्ती जनांस परके नाही. संत पौलाचे तारू फुटले ते याच किनाऱ्याशी. तारवावरील २७६ अनोळखी जीवांसाठी तेथील रहिवाशांनी भर पावसात शेकोटी पेटवली, हे ‘प्रेषितांची कृत्ये’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे.

शिकाऱ्यांची बाजू आम्ही हसण्यावारी नेत नाही. बापाने लेकाला पहाटे रानात न्यावे, ही त्यांची परंपरा. आणि परंपरेची ओढ काय असते हे आपणांस कोणी शिकवायला नको. ११ एप्रिल २०१५ रोजी वसंतातील शिकारीवर माल्टात सार्वमत झाले, तेव्हा सुमारे २,२०० मतांनी शिकारीचा पक्ष जिंकला.

परंतु शरदात मारलेले पाखरू आणि वसंतात मारलेले पाखरू सारखे नव्हे. शरदातील थव्यांत त्या वर्षीची पिले पुष्कळ. त्यांतील कितीतरी हिवाळ्यातून वाचणारच नसतात. वसंतात परतणारा होला त्या साऱ्यातून तरलेला असतो. त्याला पाडणे म्हणजे काही आठवड्यांनी भरणारे घरटेही पाडणे. म्हणूनच १९७९ च्या युरोपीय कायद्याने परतीच्या वाटेवरील पक्ष्यांची शिकार निषिद्ध ठरवली. अपवादाची फट मात्र उरली. होल्यांची घटती संख्या पाहून माल्टाने २०१७ मध्ये त्यांची वसंतातील शिकार थांबवली, आणि २०२२ मध्ये पुन्हा खुली केली.

आम्हांला छळतो तो प्रश्न निराळा आहे. पौल तीन महिने राहिला, आजाऱ्यांना बरे करून गेला. पाहुणचाराची फेड झाली. होला काहीच देत नाही. तो बेटाकडे येतही नाही, बेटावरून जातो. हंगेरीतल्या कुणा शेतकऱ्याच्या बांधावर यंदा त्याचे घुमणे ऐकू येईल की नाही, हे माल्टातील एका बोटावर ठरते, आणि त्या दोघांची गाठ कधीच पडणार नाही. ज्याला आपण पाहणारही नाही, अशाचे आपण काही देणे लागतो काय?

आपल्या खाडीकाठी बंदूक घेऊन कोणी बसत नाही. पण एप्रिलमध्ये त्याच चिखलावर छोट्या चिखल्या पक्ष्यांची छाती विटकरी होऊ लागते, आणि पोटभर खाऊन ते हिमालयापलीकडे निघतात. त्या चिखलावर भराव टाकण्याची गोष्ट निघेल, तेव्हा बोट आपले असेल.