प्रश्न, उत्तर आणि मौन

सभेत विचारलेला प्रश्न आणि एकांतात विचारलेला प्रश्न यांचे शब्द एकच असले तरी त्यांची जात वेगळी असते. एकांतातील प्रश्नाला उत्तर न मिळाल्यास त्याचे दुःख विचारणाऱ्यापुरते राहते. सभेतील प्रश्न अनुत्तरित राहिला तर तो सगळ्या सभेला चिकटतो. महाभारताच्या सभापर्वात द्रौपदी आपला प्रश्न कुरुसभेपुढे ठेवते, तेव्हा भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून निर्णय देण्यास असमर्थता दाखवतात. हे उत्तर असत्य नाही. धर्माची गती खरोखरच सूक्ष्म आहे. पण त्या क्षणी, त्या सभेत, त्या स्त्रीपुढे ते उत्तरही नाही. याच प्रसंगी विदुर प्रह्लादाची कथा सांगून पापाचे एक विलक्षण गणित मांडतो. निंद्य कृत्याची निंदा ज्या सभेत होत नाही, तेथे पापाचा अर्धा वाटा सभेच्या प्रमुखाकडे जातो, चतुर्थांश कर्त्याकडे आणि उरलेला चतुर्थांश मूक राहिलेल्या सभासदांकडे. कर्त्याच्या दुप्पट वाटा प्रमुखाला मिळावा, ही गोष्ट प्रथमदर्शनी अन्याय्य वाटते. परंतु विदुराचा रोख कृत्यावर नसून उत्तरदायित्वावर आहे. दूर कोठेतरी किंवा समोर घडलेल्या अन्यायाविषयी ज्याला बोलण्याचा अधिकार आहे, त्याच्या न बोलण्याचे मोल तो करीत आहे.

आधुनिक संसदेत परराष्ट्रमंत्री मानवी हक्कांविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी उभा राहतो, तेव्हा नेमका हाच पेच नव्या रूपात उपस्थित होतो. मात्र त्याचा विचार करताना संसदीय प्रश्न हा एक भाषिक प्रकार आहे आणि त्याचे स्वतःचे व्याकरण आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांनुसार प्रश्नात युक्तिवाद असता कामा नये, अनुमान असता कामा नये, उपरोध, आरोप आणि विशेषणे यांनाही तेथे मज्जाव आहे. मित्रराष्ट्राचा उल्लेख असभ्यपणे करता येत नाही. म्हणजे साहित्यात ज्या साधनांनी अर्थ दाट होतो, ती बहुतेक सर्व साधने प्रश्नकर्त्याकडून काढून घेतलेली आहेत. त्याच्या हाती उरते ती केवळ अभिधा. उत्तराला मात्र असे बंधन जवळजवळ नाही. मंत्र्याच्या उत्तरात लक्षणा चालते, व्यंजना चालते, विशेषणेही चालतात. तारांकित प्रश्नावर पूरक प्रश्न विचारता येतात, ही सभासदाला मिळालेली एकमेव खरी सवलत. उघड्या अभिधेने व्यंजनेचा पाठलाग करण्याची ती संधी आहे.

याच व्यवस्थेत मौनालाही एक सन्मान्य आसन दिलेले आहे. सार्वजनिक हिताच्या दृष्टीने अमुक माहिती देता येणार नाही, असे मंत्र्याला सरळ सांगता येते. असे असताना मंत्री हे आसन क्वचितच का वापरतात, मौनाला ते दुसरीच वस्त्रे का चढवतात, हा प्रस्तुत विवेचनातील मुख्य प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९५६ सालच्या नोव्हेंबर महिन्याकडे वळणे उपयुक्त ठरेल. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू हेच तेव्हा परराष्ट्रमंत्रीही होते. २३ ऑक्टोबरला बुडापेस्टमध्ये उठाव झाला. २९ ऑक्टोबरला इस्रायलने इजिप्तवर आक्रमण केले आणि लगोलग ब्रिटन व फ्रान्स त्यात उतरले. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे दुसऱ्यांदा बुडापेस्टमध्ये शिरले. सुएझच्या बाबतीत नेहरूंची भाषा तत्काळ, निःसंदिग्ध आणि संतप्त होती. हंगेरीच्या बाबतीत ती अडखळली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. ९ नोव्हेंबरला, सोव्हिएत सैन्य मागे घ्यावे आणि हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका व्हाव्यात अशा आशयाच्या ठरावाविरुद्ध भारताने मत दिले. साम्यवादी नसलेल्या राष्ट्रांपैकी असे मत देणारे भारत हे एकमेव राष्ट्र होते. देशात जयप्रकाश नारायण यांनी या भूमिकेवर कठोर टीका केली आणि नोव्हेंबरच्या मध्यास संसदेतही नेहरूंना या मताचा जाब द्यावा लागला.

त्या काळातील सरकारी स्पष्टीकरणे एकत्र वाचली असता तीन प्रकारची उत्तरे वेगळी काढता येतात. पहिले उत्तर अज्ञानाचे: माहिती अपुरी आहे, वार्ता परस्परविरोधी आहेत. दुसरे उत्तर कक्षेचे: हा हंगेरीतील अंतर्गत संघर्षाचा भाग आहे. तिसरे उत्तर तत्त्वाचे: एका सार्वभौम राष्ट्रात परकीय देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात असे म्हणणे त्या राष्ट्राच्या सार्वभौमत्वाला बाधक आहे.

यांपैकी पहिले उत्तर सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. हंगेरीची जबाबदारी मॉस्कोतील भारतीय राजदूत के. पी. एस. मेनन यांच्याकडे होती. बुडापेस्टमध्ये कनिष्ठ दर्जाचा प्रतिनिधी होता आणि दळणवळण विस्कळीत झाले होते. दुसरे उत्तर मात्र अल्पकाळच टिकले. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे, कारण ते दिसावयास सर्वांत उदात्त आहे. त्यामागे एक न उच्चारलेला शब्द उभा होता: काश्मीर. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील मतदानाचा पायंडा हंगेरीत पडला तर तो उद्या काश्मीरच्या संदर्भात पुढे केला जाईल, ही शंका दिल्लीत असणे स्वाभाविक होते. १९५५ च्या डिसेंबरमध्ये ख्रुश्चेव्ह यांनी श्रीनगरमध्ये भारताची बाजू उघडपणे उचलून धरली होती. गोव्याच्या प्रश्नावरही सोव्हिएत नेत्यांचा पाठिंबा मिळाला होता. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला होता आणि महाराष्ट्रात ती जखम ताजी होती. या पाठिंब्याची किंमत कोणालाही क्षुल्लक वाटण्याजोगी नव्हती. पुढे प्रसिद्ध झालेल्या चरित्रांतून आणि आठवणींतून असेही दिसते की, ते विरोधी मत कृष्ण मेनन यांनी दिल्लीच्या स्पष्ट आदेशावाचून दिले होते. तरीही सभागृहात नेहरूंनी त्याचे समर्थन तत्त्वाच्या आधारे केले. म्हणजे मत आधी पडले आणि तत्त्व मागून आले.

नेहरूंना अन्याय होऊ नये यासाठी पुढील घटनाही नोंदवावयास हवी. १४ नोव्हेंबरला भारत, ब्रह्मदेश, सिलोन आणि इंडोनेशिया यांच्या पंतप्रधानांनी दिल्लीतून काढलेल्या संयुक्त पत्रकात सोव्हिएत सैन्य मागे घेण्याची मागणी होती. त्यानंतरच्या आठवड्यात लोकसभेतील नेहरूंची भाषा बदललेली दिसते. हंगेरीच्या बहुसंख्य जनतेला बदल हवा होता आणि तिचा उठाव बळाने दडपला गेला, हे त्यांनी मान्य केले. प्रश्नांच्या रेट्याने उत्तर बदलू शकते, संसदीय संवाद हा निव्वळ उपचार नसतो, याचा हा पुरावा आहे.

परंतु नैतिक प्रश्न येथे संपत नाही; किंबहुना तो येथे अधिक कठीण होतो. परराष्ट्रमंत्र्याच्या उत्तराला नेहमी दोन श्रोते असतात. एक समोर बसलेला सभासद आणि दुसरा दूरच्या राजधानीतील सत्ताधीश. पहिल्याला सत्य हवे असते, दुसऱ्याला सन्मान हवा असतो, आणि कैदेत पडलेल्या माणसाचे प्राण पुष्कळदा या दुसऱ्याच्या हाती असतात. हंगेरीतील विचारवंत इश्तवान बिबो यांनी तडजोडीचा एक मसुदा तयार केला होता. तो भारतीय प्रतिनिधींपर्यंत पोहोचवण्यात लेखक आणि अनुवादक आर्पाद गोंत्स यांचा सहभाग होता. १९५८ मध्ये दोघांनाही जन्मठेप झाली. त्यांची फाशी टळण्यामागे भारताची रदबदली हे एक कारण होते असे मानले जाते. १९६३ मध्ये दोघे सुटले आणि १९९० मध्ये गोंत्स हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. सभागृहात जे बोलले गेले नाही, ते पडद्याआड केले जात होते. त्या मौनाला भेकडपणा म्हणणे म्हणूनच घाईचे होईल.

मात्र याच मौनाच्या दुसऱ्या पारड्यात इम्रे नागी आहेत. युगोस्लाव्ह वकिलातीतून अभयाचे वचन मिळाल्यावर ते बाहेर पडले, पकडले गेले, आणि १६ जून १९५८ रोजी त्यांना फाशी देण्यात आली. उठावात सुमारे अडीच हजार हंगेरियन नागरिक मारले गेले होते आणि सुमारे दोन लाखांनी देश सोडला होता. मौनाने कोण वाचले आणि कोण वाचले नाही, याचा ताळेबंद कधीच पूर्ण होत नाही. मोठ्याने बोलल्याने बिबो वाचले असते काय, किंवा नागी वाचले असते काय, हे ठरवण्याचे साधन इतिहासाजवळ नाही. परिणामांच्या आधारे मौनाचे समर्थन करणाऱ्याला आणि परिणामांच्याच आधारे त्याचा निषेध करणाऱ्याला, दोघांनाही येथे थांबावे लागते.

तेव्हा निकष परिणामांत न शोधता उत्तराच्या घडणीत शोधावयास हवा. मराठीत चुकवाचुकवीच्या उत्तरासाठी ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रयोग रूढ आहे. युधिष्ठिराच्या त्या उद्गारातील प्रत्येक शब्द सुटा घेतला तर खरा होता. असत्य होते ते उच्चाराच्या मांडणीत, शेवटचे शब्द द्रोणांच्या कानी पडू नयेत या योजनेत. युधिष्ठिराने मौन पाळले असते तर त्याचा रथ जमिनीला टेकला नसता. मौन आणि मौनाचे वेषांतर यांतील भेद हा असा आहे. ‘यावर आज बोलणे हिताचे नाही’ असे म्हणणारा मंत्री सभागृहाला सांगतो की, येथे एक रिकामी जागा आहे. सभासदाला ती दिसते, तो तिच्यावर बोट ठेवू शकतो, उद्या पुन्हा विचारू शकतो. याउलट त्याच जागी अज्ञान किंवा तत्त्व बसवले की ती भरलेली भासते आणि पुढचा प्रश्नच उगवत नाही. पहिल्या प्रकारात माहिती रोखली जाते. दुसऱ्या प्रकारात विचारण्याचा अधिकारच हिरावला जातो.

वेषांतराचा आणखी एक तोटा भाषेला सोसावा लागतो. ‘सार्वभौमत्व’ हा शब्द नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांनी मोठी किंमत देऊन कमावला होता. रणगाड्यांखाली चिरडल्या जाणाऱ्या राष्ट्राच्या संदर्भात, त्या राष्ट्राला निवडणुका मिळू नयेत यासाठी तो वापरला गेला, तेव्हा त्याचा अर्थ उलटा फिरला. ज्याचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष लुटले जात होते त्याच्याच विरुद्ध ते उभे केले गेले. नाणे एकदा खोट्या व्यवहारात चालवले की खऱ्या व्यवहारातही ते पारखून घेतले जाते. राजकीय भाषेचा ऱ्हास पुष्कळदा असत्यापेक्षा अशा अस्थानी वापरलेल्या सत्यांमुळे होतो.

हा पेच एका व्यक्तीचा किंवा एका पक्षाचा नव्हे. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या वेळी भारत सुरक्षा समितीत तटस्थ राहिला. त्या भूमिकेशी मतभेद झाल्याने अशोक मेहता यांनी मंत्रिपद सोडले. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनमधील बुचा येथील हत्यांविषयी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी लोकसभेत निवेदन केले. त्यांनी हत्यांचा तीव्र निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. हत्या करणाऱ्याचे नाव मात्र घेतले नाही. व्याकरणदृष्ट्या ही कर्त्याचा लोप झालेली रचना आहे. चौकशी व्हावयाची असताना कर्ता न सांगणे ही सावधगिरी असू शकते, आणि गैरसोयीचा कर्ता टाळण्याची ती युक्तीही असू शकते. वाक्य दोन्ही वेळी तेच असते. त्यातील कर्त्याची जागा मोकळी आहे हे दिसत राहते, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. ती भरण्याचा आग्रह धरावयाचा की नाही, हे मग ऐकणाऱ्यांवर येते.

येथे विदुराच्या गणितातील शेवटचा चतुर्थांश पुढे येतो. तो सभासदांचा आहे. प्रमुखाने रिकामी जागा उघडी ठेवावी, हे त्याचे कर्तव्य. तिच्याकडे पाहत राहावे, हे सभेचे. परराष्ट्रमंत्र्याला सर्व काही सांगता येणार नाही, हे मान्य करूनही पूरक प्रश्नासाठी उठून उभा राहणारा सभासद, त्याच्या प्रश्नात एकही विशेषण नसले तरी, आपल्या वाट्याचे ऋण फेडत असतो. कुरुसभेत भीष्मद्रोणांच्या मौनानंतर विकर्ण बोलला. त्याला कोणी मानले नाही, कर्णाने त्याला पोर ठरवून गप्प केले आणि घडावयाचे ते घडलेच. तरीही त्या सभेचे वर्णन करताना व्यासांनी त्याचे बोलणे वगळलेले नाही.