लिहिण्याआधीचे ऐकणे

कथा लिहिणारी आपली माणसे संमेलनाच्या निमित्ताने कुठे एकत्र आली, की रात्री जेवणानंतरच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो. लिहायला बसण्यापूर्वी कोण काय करतो? कोणी फज्रच्या नमाजनंतर घर जागे होईपर्यंतचा वेळ राखून ठेवतो. कोणी आधी गावाबाहेरपर्यंत चालून येतो. आणि बरेच जण, आवाज थोडा खाली आणून, सांगतात की आधी काहीतरी ऐकावे लागते. अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी ध्वनिमुद्रिका, बेगम अख्तरांची गझल, एखादी कव्वाली, नाहीतर सरळ सिनेमातले गाणे. त्याशिवाय पहिले वाक्य सुचत नाही.

आवाज खाली का येतो, ते आपल्याला सांगायला नको. पुष्कळांच्या घरी संगीत हा अजूनही वादाचा विषय आहे. अजान सुरू झाली की रेडिओ बंद करणे ही अदबीची गोष्ट, ती बहुतेक घरांत पाळली जाते. काही घरांत मात्र रेडिओ लावलाच जात नाही. आता मोबाइल आणि कानातल्या बोंडांमुळे वाद दिसेनासा झाला आहे, मिटलेला नाही. मुलगा कान झाकून बसतो, बाप काही विचारत नाही. या वादात हलाल की हराम, एवढाच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर कोणाकडूनही आले तरी चर्चा तिथेच थांबते. लिहिणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पुढचा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. संगीत ऐकून मनात जे उसळून येते ते आपल्या कथेचे असते का? ज्याच्यावर आपण लिहायला बसलो आहोत त्या माणसाचे असते, की केवळ आपले?

या प्रश्नाशी आपल्या परंपरेतला एक मोठा माणूस फार पूर्वी झगडलेला आहे. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) आपल्या ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समा आणि वज्द, म्हणजे ऐकणे आणि ऐकून येणारी तल्लीनता, यांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. त्यांना सरसकट परवानगी देणारे म्हणणे बरोबर नाही. मद्यपींच्या मैफलींशी जोडली गेलेली तंतुवाद्ये आणि सुषिरवाद्ये त्यांनी वर्ज्यच ठरवली. जे त्यांच्या नावावर सगळे मोकळे करून टाकतात त्यांनी हे पान वाचलेले नसते, आणि जे त्यांच्याच नावावर सगळे बंद करतात त्यांनी बाकीची पाने. पण प्रकरणाचा गाभा वेगळ्याच ठिकाणी आहे. ऐकणारा कोण, ऐकतो काय, कोणत्या वेळी, कोणासोबत आणि त्याच्या हृदयात आधीपासून काय आहे, यांवर ते निवाडा सोपवतात. समा हृदयात नसलेली गोष्ट आणून ठेवत नाही, असलेली हलवून वर आणतो, असे सूफी बुजुर्गांचे मत ते आवर्जून नोंदवतात. दिल्लीहून दौलताबादला आलेले आणि खुल्दाबादला विसावलेले बुऱ्हानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) समाच्या ओढीसाठी ओळखले जात; त्यांच्या चिश्ती सिलसिल्यातही ऐकण्यापूर्वी अटी होत्या. वेळ, जागा आणि सोबत बघितली जाई. मोठ्या ओढीच्या माणसांनाच अटींची गरज पडते.

त्याच प्रकरणात गझालींनी एक हकीकत दिली आहे. वाळवंटात एका कबिल्याच्या सरदाराकडे एक पाहुणा उतरतो. तिथे एक गुलाम साखळदंडाने बांधलेला आणि समोर उंट मरून पडलेले. पाहुणा रदबदली करतो तेव्हा सरदार गुन्हा सांगतो. या गुलामाचा आवाज अतिशय गोड. उंटांवर जड ओझी लादून तो गात निघाला, आणि त्या गाण्याच्या भरात उंटांनी तीन दिवसांची मजल एका दमात मारली. ओझी उतरली, गाणे थांबले आणि उंट मेले.

कथालेखकाने ही गोष्ट उंटाच्या बाजूने वाचावी. रात्री कानात सारंगी वाजते आहे, पेन थांबत नाही, एरवी आठवडा घेणारी पाने एका बैठकीत लिहून होतात. पानांत जोर आहे असे वाटते. सकाळी घरात भांड्यांचा आवाज चालू असताना तीच पाने वाचावीत. शब्द तेच असतात, पण रात्रीची धाव त्यांच्यात नसते, कारण ती सारंगीची होती. ‘काळोख’, ‘आसवे’, ‘काळीज’ असे शब्द जागोजागी पडलेले असतात आणि माणूस मात्र कुठे दिसत नाही.

कसब कमी पडले एवढ्यावर हे सोडून देता आले असते. आम्हाला वाटते, यात नीतीचाही भाग आहे. समजा, आपण १९९२-९३च्या मुंबईतल्या एका आईवर कथा लिहितो आहोत. तिचा मुलगा दुकान बंद करून येतो म्हणून गेला तो आला नाही. हा विषय आपल्या पिढीच्या लेखकांनी पुन्हा पुन्हा घेतला आहे आणि तो घ्यायलाच हवा. लिहिण्याआधी आपण एखादी ठुमरी ऐकतो. गळा दाटून येतो. आपण लगेच लिहायला लागतो आणि तो दाटलेला गळा त्या आईला देतो. ती ओट्यावर बसून रडते, आभाळाकडे बघते, दुवा मागते. पण ठुमरीने जे हलवले ते आपल्या आत होते, आपल्या कुठल्या जुन्या ताटातुटीचे होते. तिच्या आत काय होते? कदाचित ती रडतच नव्हती. कदाचित पोलिस चौकीत कोणता फोटो द्यायचा, लग्नातला की रेशन कार्डावरचा, याच गोष्टीवर तिचे मन अडून बसले होते. आपले अश्रू खरे होते यात शंका नाही. खरे अश्रू दुसऱ्याच्या डोळ्यांत घालणे याला काय म्हणायचे? लबाडी म्हणवत नाही, कारण हेतू चांगला असतो. पण त्या आईच्या दुःखाची जागा आपल्या दुःखाने घेतली, तिचे सांगायचे राहून गेले, आणि वाचक आपल्या गळ्याला दाद देऊन पुढे गेला. बोलायला जागा नसलेल्या माणसांबाबत ही गोष्ट हलकी धरता येत नाही.

म्हणून ऐकणे सोडावे, असे आम्ही म्हणणार नाही. वैकम मुहम्मद बशीर (१९०८–१९९४) यांनी ते सोडले नाही. कोझिकोडजवळच्या बेपूर गावी घरासमोर मँगोस्टीनच्या झाडाखाली आरामखुर्ची टाकून, शेजारी ग्रामोफोन ठेवून बसलेले बशीर मल्याळी वाचकांच्या डोळ्यांसमोर अजून आहेत. सैगल त्यांचा फार लाडका. पण त्यांच्या गोष्टीत सैगलचा हुंदका सापडत नाही. ‘पात्तुम्माची बकरी’ या कादंबरीत घरभर माणसे, कोंबड्या, मांजरे, पैशांची ओढाताण आणि लेखकाची पुस्तकेच खाऊन टाकणारी बकरी आहे. ऐकलेले सगळे कुठे गेले मग? ‘नीलवेलिच्चम’ म्हणजे ‘निळा प्रकाश’ या त्यांच्या कथेत थोडे उत्तर मिळते. त्यात एक लेखकच भुताटकीच्या म्हणून टाकून दिलेल्या घरात राहायला येतो. प्रेमभंगाने जीव दिलेली भार्गवी तिथे आहे असे लोक म्हणतात. तो घाबरतो, तरी तिच्याशी बोलत राहतो, आणि ग्रामोफोन आणून तिच्यासाठी तबकड्या लावतो. १९६४ साली यावर ‘भार्गवी निलयम’ हा चित्रपट निघाला, त्याची पटकथाही बशीरांचीच. आम्हाला या कथेत महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की गाणे तिच्यासाठी लागते. तिला काय ऐकावेसे वाटेल, हा विचार करणारा लेखक आपोआप स्वतःच्या गळ्यापासून दूर सरकतो. त्यांच्या ‘मतिलुकळ’ म्हणजे ‘भिंती’मध्ये तर तुरुंगाच्या भिंतीपलीकडून एका स्त्रीचा नुसता आवाज येतो. ती तिथे आली आहे हे तिने वर उडवलेल्या वाळक्या काटकीवरून कळते, आणि तिचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. नुसत्या ऐकण्यावर एवढे प्रेम उभे करणाऱ्या माणसाचा कान कशाने तयार झाला असेल, हे सांगायला समीक्षक लागत नाही.

कान तयार होणे म्हणजे काय, हे बघायला आपल्याला बेपूरला जायची गरज नाही. मिरज जवळ आहे. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात वारले आणि मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. उरुसात तिथे अजूनही गाणे होते. गावातल्या तंबोरे-सतारी करणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस संपत आले तसे त्यांनी हत्यार बाजूला ठेवून भोपळा हातात घेतला. (लावण्या रचणारे सगनभाऊही शिकलगारच. या जमातीवर कोणी सविस्तर लिहायला हवे.) तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो. तो केसभर पुढेमागे केला की कोरडी तार एकदम बोलू लागते, तिच्यातून दुसरे सूर फुटतात. याला जवारी लावणे म्हणतात. गवई मैफलीत बसतो तेव्हा श्रोते चुळबुळ करत असले तरी तो तार जुळेपर्यंत गात नाही. जोडाच्या दोन तारा एक झाल्या की नाही हे बघताना तो भावनेत नसतो, अतिशय थंडपणे, जवळजवळ सोनाराच्या नजरेने ऐकत असतो.

लेखकाला संगीताचा उपयोग आहे तो आम्हाला इथे दिसतो. अर्धा तास खर्जाकडे लक्ष देऊन ऐकल्यावर बाहेरच्या जगातले बारीक फरकही ऐकू येऊ लागतात. भाभी ‘हो’ म्हणाली आणि ‘हो’च म्हणाली, यांतला फरक कळतो. संवादात कुठले वाक्य सुरात नाही ते कळते. कराडची दखनी आणि रत्नागिरीची कोकणी एकाच माणसाच्या तोंडी आली तर खटकते. मात्र त्यासाठी गाणे संपावे लागते. लिहिताना ते कानात चालू असेल तर जुळलेला कान दुसऱ्याच कामात गुंतलेला राहतो.

वाक्याची चाल हा आणखी एक भाग. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे रचले गेले, बायकांनी दळता-कातताना म्हणावेत म्हणून. मराठी बाया जात्यावर ओव्या म्हणत होत्याच. दोन्हींत हाताचा फेरा आणि श्वास यांनी ओळीची लांबी ठरवली. आपल्या आज्या-नान्या गोष्ट सांगायच्या तेव्हाही तोच फेरा त्यांच्या बोलण्यात असायचा. गद्यातही तो येतो. अण्णा भाऊ साठे १९४४ साली अमर शेख आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करतात, डफावर वर्षानुवर्षे पोवाडे गातात, आणि मग ‘फकिरा’ (१९५९) लिहितात, तेव्हा वाक्ये आखूड आणि धावती पडतात. त्यासाठी त्यांना लिहिताना डफ वाजवावा लागला नसणार. बार्शीचे अमर शेख आपल्यातले. त्यांचा आवाज ज्यांनी प्रत्यक्ष ऐकला ती माणसे आता थोडी उरली आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतला तो आवाज आपल्या कथेच्या गद्यात कुठे उतरला, हे शोधायचे राहूनच गेले आहे. आपण पुस्तकांतून गद्य शिकलो आणि ते नीटनेटके झाले, थोडे जास्तच.

आता त्या आईकडे परत जाऊ. गाणे संपले आहे, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवला आहे. तिच्या खोलीत काय वाजते आहे? नळाला पाणी आले आहे आणि बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज बादली भरत जाईल तसा वर चढतो आहे. शेजारच्या खोलीत बातम्या लागल्या आहेत. जिन्यावर चपला वाजतात, तिसऱ्या मजल्यापर्यंत येतात आणि वर निघून जातात. ती बादली सरकवते, दुसरी लावते.