नेमस्तांचे मुखत्यारपत्र

उदारमतवादी पक्षाचा पराभव झाला म्हणजे त्याच्या धुरीणांकडून जी कारणमीमांसा ऐकावयास मिळते, ती बहुधा ठरलेली असते. लोकशिक्षण अद्याप अपुरे आहे, विवेकापेक्षा विकाराला केलेले आवाहन सदैव अधिक फलदायी होते, आणि संयमाची भाषा जनसामान्यांस रुचण्यास अजून काही पिढ्या जाव्या लागतील, असे आपणांस सांगण्यात येते. या म्हणण्यात तथ्य मुळीच नाही असे नाही. परंतु ज्या मीमांसेत पराभूताकडे तिळमात्र दोष येत नाही, ती पराभूतानेच मांडलेली असली तर एकवार तपासून घेणे बरे. त्यासाठी इंग्लंडातील लिबरल पक्षाच्या ऱ्हासापर्यंत जाण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात ज्या नेमस्त राजकारणाचा उदय झाला, त्याच्या दप्तरात या प्रश्नासंबंधीचा पुरावा विपुल आहे, आणि तो सर्वस्वी नेमस्तांच्या बाजूचाही नाही व सर्वस्वी विरुद्धही नाही.

२ एप्रिल १८७० रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत जी कुरकुर चालू होती तिच्यातून ही कल्पना निघाली, आणि तिला आकार दिला तो गणेश वासुदेव जोशी यांनी, ज्यांना पुढे सारे पुणे सार्वजनिक काका म्हणू लागले. काका व्यवसायाने वकील, आणि सभेच्या घटनेवर वकिली बुद्धीची छाप स्पष्ट दिसते. ज्याला सभासद व्हावयाचे असेल त्याने किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणून दाखविले पाहिजे, असा नियम त्यांनी घातला. आणि या नियमाने आरंभीचे पंचाण्णव सभासद जमले ते सहा हजारांहून अधिक लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन. कौन्सिलसाठी मत देण्याचा अधिकार ज्या देशात अद्याप एकाही माणसाला नव्हता, त्या देशातील एका शहरात चार शिकलेल्या माणसांनी आपणहून असा दंडक घालून घ्यावा की, लोकांनी लेखी अधिकार दिल्यावाचून आपण लोकांच्या नावाने तोंड उघडणार नाही, ही गोष्ट सामान्य नव्हे. आज पक्षाचे तिकीट मिळविणारास पन्नास दारे हिंडून पन्नास सह्या आणावयास सांगितले, तर कित्येकांची तारांबळ उडेल.

तथापि मुखत्यारपत्राचा एक गुणधर्म असा आहे की, ते लिहून दिले म्हणजे लिहून देणाराचे काम संपते. मुखत्याराने कचेरीत उभे राहावे, युक्तिवाद करावा, निकाल आणावा. अशिलाने घरी बसून वाट पाहावी. सभेचे अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे होते. सभासदांत सरदार, इनामदार, सावकार, वकील यांचा भरणा होता. १८७१ मध्ये माधवराव रानडे पुण्यास आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली सभेच्या कार्याला जे वजन प्राप्त झाले, ते त्या काळच्या हिंदुस्थानात दुसऱ्या कोणत्याही संस्थेला क्वचितच आले असेल. १८७६–७७ च्या भयंकर दुष्काळात सभेने ठिकठिकाणी माणसे पाठवून पिकांची, मजुरीची आणि उपासमारीची माहिती गोळा केली आणि ती पत्रांमागून पत्रे लिहून सरकारपुढे मांडली. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यातील लेखांची योग्यता मोठी, पण ते इंग्रजीत. ज्याच्या उपासमारीचा हिशेब त्या पत्रांत होता, त्या कुणब्याला आपल्या वतीने कोणी इतके मुद्देसूद लिहीत आहे, याचा पत्ता असण्याचा संभव फार थोडा होता.

१८९५ साली हीच सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली आणि पुढच्याच वर्षी पुन्हा दुष्काळ पडला. या वेळी सभेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. दुष्काळ निवारणाचे नियम सरकारने स्वतःच ग्रंथबद्ध केले होते. त्यांतील तरतुदी सभेने मराठीत छापून गावोगाव वाटल्या, गावकऱ्यांच्या सभा भरविल्या, आणि पीक बुडाले असता साऱ्याची तहकुबी वा सूट मागण्याचा तुमचा हक्क आहे, ती कोणाच्या मेहेरबानीची बाब नव्हे, असे रयतेला बजावले. मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. यात धर्माला आवाहन नव्हते, पूर्वजांच्या पराक्रमाचे पोवाडे नव्हते. हाती होते ते एक सरकारी पुस्तक. नियमाचे राज्य, हक्काची जाणीव, अधिकाऱ्याच्या लहरीस पायबंद, ही तर उदारमताचीच तत्त्वे. परंतु ती मामलेदाराच्या समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या हाती मराठी पत्रकाच्या रूपाने जाऊन पडली ती नेमस्तांनी सभा गमावल्यानंतर. रानडे आणि गोखले त्याच सुमारास, १८९६ मध्ये, डेक्कन सभेची स्थापना करीत होते आणि उदारमत व नेमस्तपणा ही तिची दोन अधिष्ठाने असल्याचे एका अत्यंत सुंदर जाहीरनाम्यात सांगत होते. तो जाहीरनामा आजही वाचावा अशा योग्यतेचा आहे. मामलेदाराशी हुज्जत घालताना मात्र त्याचा उपयोग झाला नसता.

आता दुसरी बाजू. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्याने विवाहित मुलीच्या बाबतीत ही मर्यादा दहा वर्षांवरून बारा वर्षांवर नेली, एवढीच गोष्ट. आणि एवढ्यासाठी पुण्यात जे काहूर उठले त्यात सुधारकांच्या वाट्याला शिव्याशापांखेरीज काही आले नाही. आगरकरांना तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. त्यांची मराठी काही त्रैमासिकी नव्हती. ती धारदार, रोखठोक आणि रस्त्यावरच्या माणसाला समजेल अशी होती, आणि समजली म्हणूनच लोक चिडले. गोखल्यांचे १८९७ मधील माफीचे प्रकरण याच जातीचे. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडात गेले असता पुण्याहून मित्रांची पत्रे गेली की, प्लेगच्या बंदोबस्तातील गोऱ्या शिपायांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली. गोखल्यांनी तो आरोप तेथे जाहीरपणे केला. परत आल्यावर पाहतात तो पुराव्यास उभे राहावयास कोणी तयार नाही. पत्रलेखकांची नावे सांगून स्वतःची सुटका करून घेणे शक्य होते. ते त्यांनी केले नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते बोलल्याबद्दल बिनशर्त माफी मागितली. त्याच सुमारास टिळक राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात गेले. एकाला तुरुंग, एकाची माफी; लोकांच्या तराजूत कोणते पारडे खाली जाणार हे सांगावयास ज्योतिषी नको होता. परंतु माझ्या मते त्या माफीत जे धैर्य होते ते कोणत्याही तुरुंगवासाहून उणे नव्हते.

म्हणजे लोकांची अवकृपा दोन प्रकारची असते. एक, सत्य आणि न्याय यांची बाजू न सोडल्यामुळे ओढवणारी; ती टाळता येत नाही, आणि टाळू नये. दुसरी, लोकांपर्यंत जाण्याचे कष्ट न घेतल्यामुळे पदरी येणारी. नेमस्तांची मोठी चूक ही की, या दुसऱ्या अवकृपेलाही त्यांनी पहिलीचीच प्रतिष्ठा दिली. संमतिवयाच्या वेळी लोक चुकले होते, म्हणून पुढे ज्या ज्या वेळी लोक पाठीशी आले नाहीत त्या त्या वेळी तेच चुकले असले पाहिजेत, असा एक सोयीस्कर हिशेब मनात बसला. वास्तविक त्यांच्यापासून दूर राहणारे सगळेच काही त्यांच्या मागे पडलेले नव्हते. १८८५ साली रानड्यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेले असता त्यांनी ते पत्र लिहून नाकारले. आणि त्या नकाराचा आशय असा होता की, जी मंडळी मनुष्यमात्राचे हक्क कृतीने द्यावयास तयार नाहीत, त्यांच्याशी आमचा मेळ बसावयाचा नाही. समता आणि व्यक्तीचा अधिकार यांविषयी सभेतील बहुतेकांहून फुले दहा पावले पुढे होते. त्यांच्या नकाराचे स्पष्टीकरण लोकशिक्षणाच्या अभावाने कसे करावयाचे?

मिठाच्या कराचा इतिहास या संबंधात विशेष बोधक आहे. मार्च १९०२ मध्ये गोखल्यांनी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी खजिन्यात दिसणारी शिल्लक म्हणजे सुबत्तेचे चिन्ह नसून लोकांकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्याचा पुरावा आहे, असे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले आणि मिठावरील जबर कर कमी करण्याची मागणी केली. ते पुढेही दरसाल तीच गोष्ट सांगत राहिले. हा कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. चार-पाच वर्षांत दीड रुपयाची सूट! हे सारे श्रेय एकट्या गोखल्यांचे नव्हे, पण त्यांच्या अंकगणिताचा त्यात वाटा होता, आणि भाकरीवर मीठ घेऊन जेवणाऱ्या कोट्यवधी माणसांना तिचा लाभ मिळाला. तो त्यांना मिळाला कसा? वाण्याने एके दिवशी मीठ थोडे स्वस्त दिले, असा.

पुढे १९३० साली गांधीजी दांडीस गेले. आमच्या कोकणात शिरोड्याच्या आगरांवर त्या मे महिन्यात सत्याग्रही लोटले, मुंबईत वडाळ्याच्या आगरांवर लोकांनी लाठ्या खाल्ल्या. त्या साऱ्या आंदोलनाने मिठाचा कर एका पैनेही उतरला नाही. १९३१ च्या मार्चमधील करारात किनाऱ्याजवळच्या लोकांना घरापुरते मीठ गोळा करण्याची वा तयार करण्याची सवलत मिळाली, इतकेच, आणि कर जो गेला तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. निव्वळ रुपये-आणे-पै पाहावयाचे तर गोखल्यांच्या भाषणांच्या मानाने या सत्याग्रहाची प्राप्ती अल्प होती. परंतु आगरातून मूठभर मीठ उचलून घरी आणणाऱ्या बाईला ते मीठ आपण स्वतः मिळविले असे वाटत होते, आणि हे वाटणे खोटे नव्हते. उदारमतवादी पक्षाने लोकांकडे संमती मागितली, सह्या मागितल्या, क्वचित वर्गणी मागितली. करावयास मात्र काही दिले नाही. ज्या कार्यात आपला हात लागलेला नाही, त्याबद्दल मनुष्य फार तर कृतज्ञ होईल, आणि ती कृतज्ञताही, आपल्यावर उपकार कोणी केला हे ठाऊक असेल तर.

१९१८ मध्ये काँग्रेसपासून निराळे झालेल्या नेमस्तांनी लिबरल फेडरेशन काढले. १९२० च्या निवडणुकीवर काँग्रेसने बहिष्कार घातल्यामुळे त्यांना मोकळे रान मिळाले, मंत्रिपदेही मिळाली, आणि ती त्यांनी वाया घालविली नाहीत. मुंबई इलाख्यात रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री असताना १९२३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. अशाच हेतूने गोखल्यांनी आणलेले विधेयक १९१२ साली तेरा विरुद्ध अडतीस मतांनी पडले होते. बंगाल्यात सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी १९२३ मध्येच कलकत्ता कॉर्पोरेशनचा कायदा करून तिचा कारभार लोकनियुक्त प्रतिनिधींच्या हाती दिला. वर्षअखेरच्या निवडणुकीत सुरेंद्रनाथ बिधनचंद्र रॉय या तरुण डॉक्टरकडून पराभूत झाले, आणि नव्या कॉर्पोरेशनचे पहिले महापौर झाले ते स्वराज्य पक्षाचे चित्तरंजन दास. वंगभंगाच्या काळी ज्याच्या शब्दासरशी बंगाल उठत असे, त्या पुरुषाला मंत्री होऊन तीन वर्षे झाली नाहीत तोच मतदारांनी ओळख दाखविली नाही.

यावर कोणी म्हणेल की, उपाय सोपा आहे, उदारमतवाद्यांनीही रस्त्यावर उतरावे. तसे झालेही आहे. शरद जोशी परदेशातील नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली, आणि १९८० मध्ये कांद्याच्या भावासाठी शेतकऱ्यांना रस्त्यावर बसविले. त्यांचे अर्थशास्त्र अस्सल उदारमतवादी: सरकारने शेतमालावरील निर्बंध उठवावेत आणि शेतकऱ्याच्या मार्गातून दूर व्हावे. उत्पादनखर्चाचा हिशेब मात्र त्यांनी शेतकऱ्याच्याच बांधावर बसून, त्याच्याच भाषेत मांडला. म्हणून लाखांच्या सभा भरल्या, बायका मुलांसह तुरुंगात गेल्या. येथे अशील घरी बसलेला नव्हता. आणि तरीही १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा ती गर्दी मतपेटीपर्यंत पोहोचली नाही.

याचे कारण मला तालुक्याच्या व्यवहारात दिसते. फेरफाराची नोंद अडली, विहिरीचे अनुदान रखडले, मुलाला संस्थेत चिकटवावयाचे आहे, तर माणूस ज्याच्या शब्दाला वजन आहे त्याच्याकडे जातो. उदारमतवादी उमेदवार त्याला सांगतो की, मी असे नियम करीन की तुला कोणाची चिठ्ठीच लागू नये. विचार उत्तम आहे. पण ते नियम होईपर्यंतची चिठ्ठी कोण देणार, असा प्रश्न मतदार मनात विचारतो, आणि त्या प्रश्नात अडाणीपणा कोठेही नाही. साखरपट्ट्यात जोशी झोनबंदी उठवा म्हणून सांगत, शेतकऱ्याला हव्या त्या कारखान्याला ऊस घालू द्या म्हणत, आणि समोरचा ऊसवाला मनापासून टाळ्या वाजवी. पण त्याच्या फडातल्या उसाला तोड या पंधरवड्यात मिळणार की उन्हाने वजन घटल्यावर मिळणार, हे तोवर कारखान्याच्या चेअरमनच्या हाती असे, आणि मतदानाच्या दिवशी गाडी येई तीही चेअरमनचीच.