मूळ आवाजाची ओळख

जी वस्तू स्वतः काही निर्माण करीत नाही, केवळ दुसऱ्याचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचविते, तिची परीक्षा इतर सर्व जिनसांच्या परीक्षेहून कठीण असते. लातूरच्या गंजगोलाईत, १९१७ साली वर्तुळाकार आखलेल्या आणि सोळा रस्ते येऊन मिळणाऱ्या त्या पेठेत, पिढ्यान्‌पिढ्या तुरीचा व्यवहार करणारा आडत्या पोत्यातून मूठभर वानगी काढतो, दाणा दाताखाली फोडून पाहतो आणि क्षणार्धात भाव सांगतो; कारण त्याला जे पारखायचे असते ते सर्व त्या दाण्यातच साठविलेले असते. स्पीकरचे तसे नाही. त्यातून निघणारा आवाज त्याचा स्वतःचा नसतो, किंबहुना तो जितका त्याचा स्वतःचा असेल तितका तो सदोष समजावा. त्याने गायकाचा कंठ, तबल्याची थाप आणि तंबोऱ्याची आस आपल्या पदरचे काही न घालता आपल्या खोलीत आणून सोडावी, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आणि ती पुरी झाली की नाही हे ठरविण्याचा अधिकार, ज्याला तो कंठ आणि ती थाप मुळातून ठाऊक आहे, त्यालाच पोहोचतो.

नांदेड-लातूरकडील संगीतप्रेमी माणसाला घरासाठी स्पीकरची चांगली जोडी घ्यावयाची झाली, की तो बहुधा हैदराबादची किंवा पुण्याची वाट धरतो. निजामी अमदानीत राजधानी म्हणून हैदराबादशी जडलेला संबंध १९५६ साली राज्यकारभारापुरता संपला, तरी उत्तम जिन्नस तिकडे मिळतो ही समजूत नांदेडच्या घराघरांत टिकून राहिली. तेथील थंड, गालिचा अंथरलेल्या दालनात तो अर्धा-पाऊण तास बसतो, विक्रेता लावील ते ऐकतो, आणि जो आवाज अधिक भरदार वाटला त्याला पसंती देऊन परततो. ही पसंती प्रामाणिक असते. पण ज्या परिस्थितीत ती दिली जाते ती परिस्थितीच न्यायाला प्रतिकूल असते, आणि ती कशी, याची तपशीलवार खातरजमा प्रत्येक गिऱ्हाइकाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच करून घ्यावी असे मला मनापासून वाटते.

पहिली फसवणूक आपल्या कानाचीच असते. १९३३ साली हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की आवाज हळू असताना मानवी कानाला खर्जाचे स्वर फारच मंद ऐकू येतात आणि आवाज वाढेल तसतसे ते भरत जातात. म्हणून दोन स्पीकरांपैकी जो किंचित मोठ्याने वाजत असेल तोच अधिक समृद्ध, अधिक जिवंत भासतो. हा फरक एखाद्या डेसिबलचा असला, तरी ऐकणाऱ्याला तो मोठेपणाचा फरक वाटत नाही, गुणाचा वाटतो, आणि यातच त्याची कपटी शक्ती आहे. एकाच ॲम्प्लिफायरला जोडलेले दोन स्पीकर सारख्याच मोठ्याने वाजतात असेही नाही. कोणाची संवेदनशीलता अधिक, कोणाची कमी. तेव्हा तुलनेची पहिली अट ही, की दोघांची पातळी आधी सारखी करावी, आणि ती अंदाजाने करू नये. हल्ली खिशातल्या मोबाईलवरही आवाज मोजण्याची सोय असते, तिचा दोघांसाठी एकाच जागेवरून उपयोग करावा.

दुसरी फसवणूक डोळ्यांची. कॅनडातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत स्पीकरांच्या श्रवणपरीक्षेचे शास्त्र घडविणारे फ्लॉइड टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस श्रोत्यांना चार स्पीकर एकदा पडद्याआडून आणि एकदा उघड्यावर ऐकविण्यात आले. पडदा असताना जे भेद श्रोत्यांना जाणवले होते ते पडदा दूर होताच मंदावले, आणि गुणांकन आकार, किंमत व नावलौकिक यांच्या मागे गेले. हे श्रोते याच व्यवसायातील माणसे होती. लाकडी पेटीची झळाळी आणि तिच्यावरील नाव कानांच्या साक्षीत असा हस्तक्षेप करीत असेल, तर स्पीकर ऐकताना डोळे मिटावेत, किंवा कोणता वाजतो आहे हे न सांगता सोबत्याने ते बदलावेत. ज्याच्या तुलनेत लपविण्यासारखे काही नाही, अशा विक्रेत्याने याला हरकत घेण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट खोलीची, आणि येथे आपल्या भागाचा इतिहास येऊन भिडतो. दहा फूट बाय बारा फूट ही आपल्याकडील बैठकीच्या खोलीची सर्वसाधारण मोजणी. सेकंदाला पन्नास कंपनांच्या खर्जाच्या लहरीची लांबी हवेत जवळजवळ सात मीटर भरते. तिची निम्मी लांबी आणि खोलीची लांबी जुळून आली, की भिंतीभिंतींतून तो स्वर एकाच ठिकाणी साचतो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये हे सत्तेचाळीस कंपनांच्या आसपास घडते, दहा फुटांच्या मध्ये छप्पन्नच्या आसपास. आणि मग तबल्याचा डग्गा एका कोपऱ्यात गडगडतो आणि खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो. दुकानातले दालन निराळ्या मापाचे, म्हणून तेथे गोड वाटलेला खर्ज घरी आल्यावर घुमू लागतो. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून काही वर्षे रात्री-रात्री एका नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या उचलून व्याख्यानगृहात नेल्या, त्या कमी-अधिक करीत निनाद किती काळ टिकतो हे मोजले, आणि खोलीतल्या मऊ वस्तू आवाज किती शोषतात याचे गणित जगाला दिले. आमच्या जुन्या वाड्यांतील दिवाणखान्यात सतरंजी, गाद्या आणि लोड-तक्के असत. माळवदाखाली लाकडी तुळया आणि फळ्या, मातीच्या जाड भिंतींत कोनाडे असत. सॅबाइनच्या गणिताची गरज न भासता ती खोली गाण्याला अनुकूल झालेली असे. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत तीच जाड भिंत आणि तेच मातीचे ओझे सुमारे दहा हजार माणसांवर कोसळले, आणि त्यानंतर लातूरच्या माणसाने सिमेंटचा स्लॅब पत्करला तो जिवाच्या रक्षणासाठी. त्या निवडीला कोणीही बोल लावू शकत नाही. मात्र शहाबादी फरशी, गुळगुळीत गिलावा आणि सपाट स्लॅब यांनी वेढलेल्या खोलीत आवाज आपटत राहतो, हे ध्यानात ठेवून स्पीकर निवडणे आणि त्याच्या सोबतीला सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांनी भरलेले कपाट यांची तजवीज करणे, एवढे आपल्या हाती उरते. पुष्कळदा स्पीकर बदलण्यापेक्षा या वस्तू अधिक इनसाफ करतात.

यापुढे स्टिरिओचा प्रश्न. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली या पद्धतीच्या स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला. चित्रपटगृहात पडद्यावरील पात्र एका बाजूला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, ही विसंगती त्याला खुपली होती. आपल्या दोन कानांवर एकच आवाज मिलिसेकंदाच्या अंशाने मागेपुढे येऊन पोहोचतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशेचा निर्णय करतो. दोन स्पीकरांनी हाच निर्णय कृत्रिम रीतीने घडवून आणावयाचा असतो. लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानचे चक्रीभजन ज्याने रिंगणाजवळ उभे राहून ऐकले आहे, त्याला टाळ डावीकडून उजवीकडे सरकणे, पुढचा कंठ मागे जाणे आणि मृदंग मात्र आपल्या जागी दृढ राहणे याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. स्पीकरांच्या जोडीने ही जागा दाखविली पाहिजे. दोघे आणि आपण समभुज त्रिकोणाच्या कोनांवर असताना गायक मधोमध, हवेत उभा राहिला पाहिजे, आणि पेटी कोठे आहे याचा विसर पडला पाहिजे.

आता काय ऐकावे? विक्रेत्याने निवडलेले दणकेबाज गाणे ऐकू नये, कारण ते त्या पेटीचे गुण दाखविण्यासाठीच निवडलेले असते. आपण स्वतःची, शंभरदा ऐकलेली ध्वनिमुद्रिका न्यावी, आणि तिच्यात तंबोरा असावा. तंबोऱ्याच्या स्वराइतका कठोर परीक्षक मला दुसरा ठाऊक नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना दाखविले, की तंबोऱ्याच्या रुंद घोडीमुळे आणि तिच्यावरील जवारीच्या सुतामुळे, नेहमीच्या तारेत जे उपस्वर उमटूच नयेत तेही तेथे उमटतात. ही सारी स्वरांची झाक सूक्ष्म आणि सतत बदलती असते. ज्या स्पीकरचा ट्वीटर उग्र असतो तो तिची करकर करतो, ज्याचा बोथट असतो तो तिचे निर्जीव गुंजन करून ठेवतो. तसेच तबल्याचे. शाईमुळे तबल्याचे उपस्वर तंतुवाद्यासारखे सुसंवादी होतात, हेही रामन यांनी १९२० साली सहकाऱ्यासह नोंदविलेले आहे. ‘ना’ आणि ‘तिं’ निराळे ऐकू आले पाहिजेत, आणि डग्ग्याची मींड घसरताना तिचा मार्ग कानांनी धरता आला पाहिजे. जेथे केवळ धप्प असा एकच दणका येतो तेथे वूफर मोठा असला तरी बुद्धी लहान आहे असे समजावे. आणि हे ऐकणे दोन टप्प्यांत व्हावे: प्रथम तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा दोघांवर आलटूनपालटून, म्हणजे भेद कळतात, नंतर एकच स्पीकर तासभर, म्हणजे त्या भेदांपैकी कोणता भेद सोबतीला राहण्याजोगा आहे ते कळते. पहिल्या पाच मिनिटांत झगमगणारा आवाज तासाभरात कान थकवितो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातूरपर्यंत आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचली, आणि तंतुवाद्यांच्या त्या नगरीशी आमचा गाव एका रुळाने जोडला गेला. मिरजेत तंबोरा घेणारा गवई तो मांडीवर घेऊन तारा छेडीत राही, कारागीर जवारी उतरवून पुन्हा लावीत राही, आणि गिऱ्हाइकाच्या कंठाला तो स्वर मिळाल्यावाचून सौदा पुरा होत नसे. या व्यवहाराचे बळ कोठे होते? गिऱ्हाइकाला मुळात कसा स्वर हवा हे वाद्य हाती येण्यापूर्वीच ठाऊक होते, यात. आपल्या आजच्या खरेदीत नेमका हाच पाया खचत चालला आहे, आणि माझ्या चिंतेचे कारण तेच आहे.

थॉमस एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत जाहीर श्रवणपरीक्षा भरविल्या. रंगमंचावर गायिका फोनोग्राफच्या शेजारी उभी राही, दिवे मालविले जात, आणि ती केव्हा निघून गेली आणि यंत्र केव्हा गाऊ लागले हे सभेला कळत नसे. लोकांनी यंत्राची स्तुती केली. पुढे अनेक वर्षांनी त्या प्रयोगांतील प्रसिद्ध गायिका ॲना केस हिने सांगितले, की आपण आपलाच आवाज यंत्राच्या आवाजाबरहुकूम घडवीत होतो. प्रतिमा मूळ वस्तूला जुळत नव्हती. मूळ वस्तूच प्रतिमेला जुळवून घेत होती. आज आपल्याभोवती तोच प्रकार व्यापक प्रमाणावर घडत आहे. गावच्या सप्ताहातील कीर्तनकार ध्वनिक्षेपकातून बोलतो, शाळेच्या स्नेहसंमेलनातील ढोलकी माइकसमोर वाजते, वरातीतील हलगीची जागा छाती हादरविणाऱ्या डीजेने घेतली आहे. जे मूल या आवाजांतच वाढले, त्याच्या लेखी ढोलकी म्हणजे यंत्रातून आलेला खर्जच. आणि त्याने पुढे स्पीकर घेताना अधिक खर्ज देणाऱ्याला अधिक खरा मानले, तर त्यात त्याचा दोष नाही. ज्याने मूळ कधी ऐकलेच नाही त्याच्याकडून नकलेचा निवाडा मागणे अन्याय्य आहे.

म्हणून स्पीकर निवडण्याचा माझा सल्ला दुकानात सुरू होत नाही. गायक पंडित नाथराव नेरळकर ज्या नांदेडात अण्णासाहेब गुंजकरांकडे गुरुसमोर बसून शिकले, त्या नांदेडात आणि लातुरात आजही गाणारे, वाजविणारे आणि शिकविणारे आहेत. घरगुती बैठक, महाविद्यालयातील एखादी दुपार, देवळातील भजन येथे माइक बाजूला ठेवून वीस-पंचवीस माणसांना मोकळा आवाज ऐकू द्यावा, मुलांना तबल्यापासून हातभर अंतरावर बसू द्यावे. विक्रेत्यांनीही, जोडी चार दिवस घरी नेऊन ऐकण्याची सवलत विश्वासाने द्यावी, कारण गिऱ्हाइकाची खोली हेच अखेरचे न्यायासन होय. या दोन गोष्टी घडल्या, तर किंमत आणि नाव यांचा धाक आपोआप ओसरेल. ज्याच्या कानात मूळ आवाज वसला आहे तो मध्यम किमतीच्या स्पीकरांतूनही खरा कोणता ते निवडील आणि त्याच्यावर समाधानाने वर्षे काढील. ज्याच्या कानात तो नाही, त्याला लाखाची जोडीही दर वर्षी अपुरीच वाटत राहील. उत्तम स्पीकरांची बाजारपेठ आमच्या मराठवाड्यात यावी असे मला वाटते, पण तिच्या आधी आणि तिच्या सोबतीने माइकविना गाणाऱ्या कंठाला श्रोते मिळावेत असे त्याहून अधिक वाटते, कारण त्या श्रोत्यांवाचून पहिल्या गोष्टीला काही अर्थ उरणार नाही.